सेवाकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

चर्चच्या सेवाकार्यात तुम्ही नुकतेच आला आहात, तेव्हा किती द्यावे हे ठरवण्याआधी कोणाच्या भरवशावर द्यावे, याचा विचार करा. मार्काच्या शुभवर्तमानातील विधवेने दानपेटीत दोनच टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची नाणी, टाकल्या, परंतु ती तिची सगळी उपजीविका होती. आपल्या गोव्यातील बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ यांचे चरित्र अवश्य वाचा. डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेल्या श्रीलंकेत ते १६८७ मध्ये वेष पालटून गेले, कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले, आणि पुढे तेथे देवीची साथ पसरली तेव्हा टाकून दिलेल्या रुग्णांची शुश्रूषा त्यांनी स्वतः केली. मला हेच त्यांचे सर्वांत मोठे कार्य वाटते. तुम्ही मात्र घरादाराकडे पाठ फिरवू नका, कारण कुटुंबही देवानेच सोपवले आहे. प्रार्थनेवाचून केलेल्या सेवेत माणूस लवकरच आभाराची अपेक्षा धरू लागतो, म्हणून आधी थोडा वेळ प्रार्थनेत बसा आणि मग मुले परदेशी असल्यामुळे आपल्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्धाकडे दर आठवड्याला, गाजावाजा न करता, नेमाने जात राहा.