नॅनो सिल्व्हरचा कागद पोळी-भाजी केंद्रासाठी घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र आहे, एक सेल्समन 'नॅनो सिल्व्हर अँटिबॅक्टेरियल' रॅपिंग पेपर आणि पिशव्या घेऊन आला. साध्या बटर पेपरपेक्षा बराच महाग, पण '९९.९ टक्के जंतू मरतात' असा लॅबचा रिपोर्ट दाखवतो. हे खरं आहे की थाप, आणि घ्यावा का?

थाप नाही, पण तुम्ही घेऊ नका. मी रबाळ्याला एमआयडीसीत पेपर कोटिंगच्या युनिटमध्ये क्वालिटी बघतो, असले रिपोर्ट रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खरं काय ते. नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण. आपला केसच साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. चांदी इतकी बारीक केली की तेवढ्याच वजनात तिचं पृष्ठफळ प्रचंड वाढतं, आणि ओलावा मिळाला की तिच्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात. हे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून त्यांचा कारभार बंद पाडतात. २०११ साली इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात आरोन गेदान्केन यांच्या गटाने अल्ट्रासाउंड लहरी वापरून साध्या कागदावर चांदीचे कण बसवले. ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस, दोन्ही जंतू त्या कागदावर सुमारे तीन तासांत मेले. त्याच सुमारास कॅनडात मॅकगिल विद्यापीठात थेरेसा डँकोविच यांनी चांदीचे कण बसवलेला गाळण-कागद केला. पुढे त्याचं चक्क पुस्तक निघालं, पान फाडायचं आणि त्यातून पाणी गाळायचं. आपल्याकडे २००९ मध्ये टाटा स्वच्छ आला, त्यातही तांदळाच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदीच होती.

आता तो रिपोर्ट वाचा. पहिल्या पानावरचा ९९.९ सोडून द्या, आत 'टेस्ट मेथड' लिहिलेलं असतं तिथे बघा. बहुतेक वेळा आयएसओ २२१९६ ही प्लॅस्टिकसारख्या पृष्ठभागांसाठीची किंवा आयएसओ २०७४३ ही कापडासाठीची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. २२१९६ मध्ये काय करतात? पाच सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यावर जंतूंचं ०.४ मिलिलिटर द्रावण टाकतात, ते नीट पसरावं आणि सुकू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची फिल्म दाबतात, आणि तो तुकडा डबीत ३५ अंशांवर, ९० टक्क्यांच्या वर दमटपणात, २४ तास ठेवतात. जंतूंना खायला जे देतात ते पाचशेपट पातळ केलेलं असतं, म्हणजे बिचारे जवळजवळ उपाशीच. मग मोजतात. आकडा खोटा नसतो, तो फक्त त्या डबीतला असतो.

डबीबाहेर काय होतं? २००९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात चांदी घातलेल्या पृष्ठभागावर अँटिबायोटिकला न जुमानणारे एमआरएसए जंतू टाकून पाहिले. दमट हवेत २४ तासांत लाखातला एखादाच उरला. २२ टक्क्यांच्या आसपासच्या कोरड्या हवेत मात्र जवळपास काहीच घट नाही. त्याच अभ्यासातलं तांबं दोन्ही हवांत चाललं. तुम्ही म्हणाल, ठाण्याच्या जुलैत दमटपणाची काय कमी? खरंय, पण तासांची कमी आहे. गिऱ्हाईक तुमच्याकडून पुडकं घेतं आणि अर्ध्या तासात घरी जेवायला बसतं.

शिवाय तुमचा माल चांदीच्या मुळावरच उठणारा आहे. भाजीत मीठ असतं, त्यातल्या क्लोराइडशी गाठ पडली की चांदीचे आयन न विरघळणारं सिल्व्हर क्लोराइड होऊन निकामी बसतात. उरलेले अन्नातल्या प्रथिनांना चिकटतात. पोळीला तेल-तूप लावलेलं असेल तर कागदावर त्याचाच थर बसतो. आणि समजा हे सगळं बाजूला ठेवलं, तरी कागद मारणार फक्त त्याला टेकलेल्या जंतूंना. बटाट्याच्या भाजीच्या पोटात काय चाललंय हे त्याला कळत नाही. दाराला भारी कुलूप लावायचं आणि चोर आधीच माजघरात बसलेला, तशातला प्रकार.

चोर कोण, तेही सांगतो. हातावरून, नाकावरून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस तिथे वाढला की विष सोडतो, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे जंतू नंतर मारलेत तरी पोट बिघडायचं ते बिघडणारच. भातातला बॅसिलस सीरियस बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या, रूपात शिजवण्यातूनही वाचतो आणि भात कोमट राहिला की जागा होतो. ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता टापू. ई. कोलायला मनासारखी जागा मिळाली तर तो वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, दोन तासांत एकाचे चौसष्ट. त्यामुळे भात-भाजी ६० अंशांच्या वर गरम ठेवणं, पैसे घेणारा हात आणि पोळी उचलणारा हात वेगळा असणं, आणि काउंटरवरचं ते कायम ओलं फडकं बदलणं, यावर जास्तीचा पैसा लावा. पोळ्याही वाफ जिरल्याशिवाय गुंडाळू नका. पुडक्यात पाणी सुटतं आणि खालची पोळी ओली होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सध्या वर्तमानपत्रात बांधून देत असाल तर मात्र तो कागद आजच बदला. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने डिसेंबर २०१६ मध्येच त्याबद्दल सूचना काढली होती, आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न वर्तमानपत्रात बांधायला स्पष्ट मनाई आहे. कारण शाई. गरम, तेलकट पदार्थात ती उतरते. बिनछपाईचा फूड ग्रेड बटर पेपर पुरेसा आहे.

मग हा चांदीचा कागद कुणासाठी? जिथे माल दिवसेंदिवस ओलसर जागी कागदाला टेकून राहतो तिथे त्याला काही अर्थ आहे. वाशीच्या एपीएमसीतून लांब जाणारी फळं, कापलेल्या मांसाखालची शोषक पट्टी, पाण्याचं गाळण. अर्ध्या तासात चुरगळून फेकायच्या पुडक्यावर चांदी चढवणं मला व्यक्तिशः पटत नाही. चांदी पाण्यातल्या शेवाळाला आणि बारीक जिवांना विषारी असते, आणि इथलं सांडपाणी शेवटी ठाण्याच्या खाडीलाच मिळतं. त्या खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

सेल्समन परत आला तर त्याला जंतूंचं विचारूच नका. 'मायग्रेशन रिपोर्ट आहे का?' एवढं विचारा, म्हणजे कागदातून अन्नात किती चांदी उतरते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ही मर्यादा किलोभर अन्नामागे ०.०५ मिलिग्रॅम धरली आहे. रिपोर्ट असलाच तर तो कशावर केलाय तेही बघा. नुसत्या पाण्यावरचा असेल तर तुमच्या चिंच-गुळाच्या आमटीला आणि तेलकट भाजीला तो लागू नाही, आंबट आणि तेलकट दोन्हींवरचा वेगळा हवा. इथे बरेच जण 'सर, मेल करतो' म्हणून जातात ते जातातच.

एखाद्या महाप्याच्या कंपनीने डब्याच्या कंत्राटात हाच कागद मागितला तर जरूर द्या, फक्त कागदाचा रेट बिलात वेगळा दाखवा.