चर्चच्या दप्तरात रमलेली मुलगी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीत राहतो. सतरा वर्षांच्या मुलीचे ए-लेव्हलला (आपल्या बारावीसारख्या परीक्षेला) रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इतिहास हे विषय आहेत, गुणही उत्तम आहेत. पण मेडिकल सोडून तिला इथल्या चर्चच्या इतिहासाचा अभ्यास करायचा आहे. ते पाद्र्यांचे काम. आपला काय संबंध? दर शनिवारी चर्चच्या जुन्या नोंदवह्या उतरवून घ्यायला जायची, ते मी बंद केले. आता ती काही बोलत नाही. तिला समजवा.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातले ‘आता ती काही बोलत नाही’ हे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटले, कारण गप्प झालेल्या मुलीला आपले म्हणणे पटलेले नसते. घरात बोलून उपयोग नाही, एवढेच तिने ठरवलेले असते. यूकॅटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, तिला बसवता येईल, पण डॉक्टर का व्हायचे, हे मुलाखतीत तिलाच सांगावे लागेल.

हे पाद्र्यांचे काम, हा समज आपल्याच काउंटीतला (जिल्ह्यातला) जॉन चार्ल्स कॉक्स खोटा ठरवतो. ऑक्सफर्डमधून पदवी न घेताच बाहेर पडलेला हा माणूस कोळसा-लोखंडाच्या व्यवसायात भागीदार होता. डर्बीशायरच्या चर्चवरचे त्याचे चार खंड १८७५ ते १८७९ मध्ये निघाले आणि धर्मोपदेशकाची दीक्षा त्याने त्यानंतर, १८८१ मध्ये घेतली. शिवाय, १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद सुरू झाली, त्यामुळे ज्यांचे नाव दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही अशी गरीब माणसेही त्या वह्यांत सापडतात. चर्चवॉर्डनच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याच्या, हिशेबात घंटेच्या दोरीचा खर्च असतो, तसे कोल्हे मारल्याबद्दल दिलेले पैसेही असतात. हा साऱ्या गावाचा इतिहास आहे आणि तो वाचायला धर्माची अट नाही.

केवळ स्थानिक इतिहास लिहून पोट भरणे कठीण आहे, हे तिलाही स्पष्ट सांगायला हवे. इतिहासाची पदवी आणि त्यानंतर अभिलेखागार व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हा नोकरीचा मार्ग आहे. लॅटिन आणि जुनी हस्ताक्षरे वाचण्याचा सराव तिने आतापासून करावा. त्यासाठी तिचे शनिवार तिला परत द्या, आणि पहिल्या शनिवारी मॅटलॉकच्या काउंटी अभिलेखागारात आपण स्वतः तिच्यासोबत जा. मेडिकलचा विषय त्या दिवशी काढू नका.