मानवी तस्करीचे खटले : वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरे

मानवी तस्करीसंबंधी वाचकांकडून येणारे प्रश्न वेगवेगळे असले, तरी त्यांच्या मुळाशी असलेला गोंधळ बहुधा एकच असतो. कायदा काय सांगतो हे विचारण्याऐवजी शेजारी, मुकादम किंवा पोलीस ठाण्याच्या दारात भेटलेला एखादा ‘जाणकार’ काय सांगतो यावर कुटुंबे निर्णय घेतात आणि तो निर्णय निस्तरण्यात पुढे वर्षे जातात. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. ही उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. कागदपत्रे पाहिल्याशिवाय नेमका सल्ला कोणीही देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यापासून जपून राहावे.

प्रश्न : आमच्या वस्तीतील पंधरा वर्षांची मुलगी परवापासून बेपत्ता आहे. ‘चोवीस तास वाट पाहा, मग तक्रार घेऊ,’ असे आधी सांगितले गेले आणि आता ‘ती ज्या गावातून गेली तिथल्या ठाण्यात जा,’ असे सांगतात. काय करावे?

उत्तर : वाट पाहण्याचा असा कोणताही नियम नाही. अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि उलट काही निष्पन्न होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी झाली आहे असे धरूनच तपास केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. हद्दीची सबबही चालत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्याला घ्यावी लागते. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तरीही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०९८ (बाल मदतवाहिनी) या क्रमांकांवर आजच, हा मजकूर वाचून होताच, फोन करावा.

प्रश्न : माझी मुलगी स्वतःच्या मर्जीने ब्युटी पार्लरच्या नोकरीसाठी गेली होती. तिथे तिला डांबून ठेवले आणि देहविक्री करायला लावली. ती राजीखुशीने गेल्यामुळे गुन्हा होत नाही, असे म्हणतात. खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. तिने नोकरीला संमती दिली होती, डांबून घेण्याला नव्हे. धमकी, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी एखाद्या मार्गाने शोषणासाठी एखाद्या व्यक्तीला नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे आणि तो ठरवताना पीडित व्यक्तीची संमती गैरलागू आहे, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या दंड संहितेचे कलम ३७० लागू होईल. तेही याच अर्थाचे आहे. फिर्यादीची प्रत घ्या आणि कोणती कलमे लावली आहेत ते वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न : छाप्यात सापडलेल्या माझ्या सज्ञान बहिणीला सुधारगृहात ठेवले आहे. ती आरोपी आहे का? तिला किती दिवस ठेवतील?

उत्तर : ती आरोपी नाही. ज्याला बोलीभाषेत ‘पिटा’ म्हणतात तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कुंटणखाना चालवणाऱ्याला, दलालाला आणि त्या कमाईवर जगणाऱ्याला शिक्षा करतो. छाप्यात सोडवलेल्या स्त्रीची त्याच कायद्याच्या कलम १७ खाली न्यायदंडाधिकारी चौकशी करतात. चौकशी चालू असताना तिला तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ ताब्यात ठेवता येत नाही. चौकशीनंतर एक ते तीन वर्षांसाठी संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो, मात्र त्याविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येते. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध असे अडकवून ठेवता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिला आहे. तिला स्वतःला काय हवे आहे, हे तिने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर स्वतः सांगणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या घरून तिला विकले गेले तिथेच परत जाणे सुरक्षित असेलच असे नाही, हेही कुटुंबाने प्रामाणिकपणे तपासावे.

प्रश्न : रुग्णालयातील एक बाई ‘सेवाशुल्क’ घेऊन नवजात बाळ थेट दत्तक देण्यास तयार आहे. कागद नंतर करून देईन म्हणते. हे चालेल का?

उत्तर : नाही. ही मुलाची खरेदी आहे आणि बाल न्याय अधिनियमानुसार विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. दत्तकासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या अधिकृत प्रक्रियेतूनच जावे आणि या बाईची माहिती १०९८ वर द्यावी.

प्रश्न : मुकादमाकडून उचल घेऊन आम्ही ऊसतोडीला गेलो. हंगाम संपला तरी ‘उचल फिटली नाही’ म्हणून तो भावाच्या कुटुंबाला सोडत नाही. हा उसनवारीचा वाद आहे की तस्करी?

उत्तर : उचल घेणे किंवा देणे यात एरवी काही बेकायदा नाही. मात्र ती फेडण्याच्या नावाखाली माणसाला जाऊ न देणे ही वेठबिगारी आहे आणि वेठबिगारीला तर संविधानाच्या अनुच्छेद २३ नेच बंदी केली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज कायद्याच्या दृष्टीने संपुष्टात आणले असून, ते वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही धनकोवर टाकली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत महत्त्वाचा कागद म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा प्रांताधिकाऱ्यांनी दिलेले मुक्तता प्रमाणपत्र. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे आणि ती खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. पुढील साहाय्य सज्ञान पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये असे आहे. अडचण अशी की, पुष्कळ ठिकाणी अधिकारी ‘मजुरीचा वाद’ एवढीच नोंद करून, थोडेफार पैसे मिळवून देऊन कुटुंबाला गाडीत बसवून देतात. मग प्रमाणपत्र नाही, म्हणून मदत नाही, आणि पुढच्या हंगामात तोच मुकादम दारात उभा राहतो. सुटकेच्या वेळीच प्रमाणपत्राची लेखी मागणी करा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला सोबत घ्या.

प्रश्न : थायलंडमध्ये डेटा एंट्रीच्या कामासाठी एजंट दीड लाख रुपये मागतो आणि पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून करांव्यतिरिक्त ३०,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. अशाच आमिषाने म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. एजंटची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहा आणि मगच पुढचे बोला.

प्रश्न : पुतणीची सुटका झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक वकील घरी आले. ‘फी नको, फक्त सह्या करा, आठवड्यात मुलगी घरी आणतो,’ असे ते म्हणतात. मुलगी सतरा वर्षांची आहे. आम्ही गरीब माणसे आहोत. सही करावी का?

उत्तर : करू नका. हे उत्तर लांबणार आहे, कारण माझ्या मते तस्करीचे खटले कोसळतात ते साक्षीच्या दिवशी नव्हे, तर सुटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, अशाच सह्यांमुळे.

तुम्ही बोलावले नाही, फी देणार नाही, तरी हा माणूस तुमच्या घराचा पत्ता शोधत आला, तर त्याची फी कोण देत आहे, हा पहिला प्रश्न तुम्हाला पडायला हवा. बालगृहातील मुलगी ही त्या खटल्यातील सर्वांत महत्त्वाची साक्षीदार असते आणि ती आपल्या हाती परत यावी यात सर्वाधिक स्वारस्य आरोपीला असते. डाव बहुधा असा रचला जातो : आधी कोऱ्या वकीलपत्रावर आणि मुद्रांकावर नातेवाइकांच्या सह्या घेतल्या जातात, मग मुलगी सज्ञान असल्याचा दाखला कुठून तरी उगवतो, त्यामागोमाग ‘ती मर्जीने तिथे राहत होती, आरोपी आमच्या ओळखीचा आहे’ असे प्रतिज्ञापत्र तयार होते. तेच प्रतिज्ञापत्र आरोपीच्या जामीनअर्जाला जोडले जाते आणि काही वर्षांनी मुलगी साक्षीला उभी राहते तेव्हा उलटतपासात तिच्याच तोंडावर फेकले जाते. सही करणाऱ्या काकाला आपण नेमके कशावर सही केली, हे तोपर्यंत आठवतही नसते.

हे नवे नाही. कुंटणखान्यातून सोडवलेल्या अल्पवयीन मुली काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालके आहेत, बाल कल्याण समितीने योग्य ठरवलेल्या पालकाकडेच त्यांना सोपवावे आणि आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील त्याच प्रकरणात पीडितेच्या बाजूने उभा राहू शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर बजावले. इतक्या वर्षांनंतरही हीच युक्ती चालते, याचे कारण कायद्यातील उणीव हे नसून पीडितेच्या बाजूचा वकील तिच्यापर्यंत उशिरा पोहोचतो, हे आहे. व्यवसायबंधूंबद्दल असे लिहिणे सुखद नाही, पण न लिहिण्याने नुकसान मुलींचे होते.

गरिबीची अडचण तर येथे मुळीच नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार मानवी तस्करी किंवा वेठबिगारीच्या पीडित व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. तिथून नेमलेल्या वकिलाजवळ प्राधिकरणाचे नियुक्तिपत्र असते. ते पाहायला मागा, खरा वकील रागावणार नाही. खटला सरकारी वकीलच चालवतात, पण पीडितेचा वकील न्यायालयाच्या परवानगीने त्यांना साहाय्य करू शकतो. मुलीचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला गेला आहे का, हेही त्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

आणि सही आधीच झाली असेल, तर लपवू नका. वकीलपत्र रद्द करता येते. काय घडले ते बाल कल्याण समितीला आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, मात्र तो अर्ज प्राधिकरणाच्या वकिलाकडूनच लिहून घ्या.

प्रश्न : खटला संपल्याशिवाय नुकसानभरपाई मिळत नाही, पण ओळखीचा माणूस १५ टक्के घेऊन लवकर मिळवून देतो म्हणतो. त्याला द्यावेत का?

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार आरोपी सापडला नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडित व्यक्ती विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करू शकते. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते आणि दरम्यान वैद्यकीय मदत व अंतरिम साहाय्यही देता येते. प्रत्यक्षात हे दोन महिने किती ताणले जातात ते मला ठाऊक आहे आणि ते क्षम्य नाही, पण त्यावरचा उपाय दलाल नसून लेखी स्मरणपत्र आणि वकील हा आहे. अर्जाची पोच घ्या आणि भरपाई पीडितेच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा होईल याकडे लक्ष द्या.

प्रश्न : आमची मुलगी आता पश्चिम बंगालमधील तिच्या गावी आहे आणि खटला पुण्यात आहे. आरोपीची माणसे गावात येऊन धमकावतात. साक्षीला गेलेच पाहिजे का?

उत्तर : साक्ष द्यावी लागेल, पण त्यासाठी पुण्यात यावेच लागेल असे नाही. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची तरतूद आहे. तिच्या जिल्ह्यातील न्यायालयातून तशी व्यवस्था करण्याचा अर्ज तारखेच्या पुरेशा आधी करावा, आदल्या दिवशी नव्हे. धमकीची तक्रार तिथल्या ठाण्यात आजच नोंदवा. त्याचबरोबर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. त्यावर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते आणि पोलिसांना धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत द्यावा लागतो. पोलीस सोबत, बंद दाराआडची सुनावणी, गरज पडल्यास स्थलांतर, अशी संरक्षणे त्यात आहेत. ती घटनेच्या वेळी अल्पवयीन असेल, तर बालतस्करीचे प्रलंबित खटले सहा महिन्यांत निकाली काढण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिलेले निर्देशही सरकारी वकिलांच्या नजरेस आणून द्यावेत. यांतील कोणता अर्ज आधी करायचा, हे दोन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांशी बोलून ठरवा.