खेड्यात राहून अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक म्हणून नाव होते का?

आपण गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहता, बारावीत शिकता आणि मोबाइलवर बोटाने चित्रे काढता. पुढे अ‍ॅनिमेशनपटांचे दिग्दर्शन करण्याची आपली इच्छा आहे, पण मुंबई-पुण्यात ओळखीचे कोणी नसताना या क्षेत्रात नाव कसे होते, आणि या कामात पोट भरते का असे घरचे विचारतात तेव्हा काय सांगावे, असा आपला प्रश्न आहे. आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे लागणाऱ्या वडशाजवळच्या एका गावात मी वाढलो आणि आता चित्रकार व अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक म्हणून काम करतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर माझ्या वाटेच्या आधारानेच देतो.

नाव होते, मात्र चित्रकाराचे आणि दिग्दर्शकाचे नाव एकाच रीतीने होत नाही. चित्रकाराचे एक चांगले पान संपादकाच्या नजरेस पडले की त्याला दुसरे काम मिळते, आणि असे पानापानाने त्याचे नाव पसरत जाते. दिग्दर्शकाकडे मात्र पूर्ण झालेला चित्रपट नसेल, तर त्याची चित्रे कितीही देखणी असली तरी त्याला दिग्दर्शक म्हणून कोणी विचारात घेत नाही. प्रेक्षकाला काय दाखवायचे, किती वेळ दाखवायचे, दृश्य कुठे तोडायचे आणि आवाज कुठे थांबवायचा हे ठरवणे हे त्याचे काम आहे, आणि हे निर्णय सुट्या चित्रात दिसत नाहीत. म्हणून अर्धवट सोडलेल्या वीस तुकड्यांपेक्षा सुरुवात, मध्य आणि शेवट असलेला दोन मिनिटांचा एक साधा चित्रपट मला अधिक मोलाचा वाटतो, आणि आपणही पहिले ध्येय तेवढेच ठेवावे असे माझे मत आहे.

माझे शिक्षण थोडक्यात सांगतो. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, नंतर नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कलेची पदवी घेतली आणि त्यानंतर सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प (डिझाइन) विभागात अ‍ॅनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. त्यापुढची काही वर्षे मी एका स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवण्याचे काम केले. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांसाठी एकाच घराचे, एकाच रस्त्याचे सकाळचे आणि संध्याकाळचे रूप पुन्हापुन्हा रंगवताना हाताला वेग आला आणि वेळेत काम देण्याची शिस्त लागली. नाव मात्र त्यातून झाले नाही, आणि तशी अपेक्षा त्या कामाकडून करूही नये.

नाव झाले ते झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकावर केलेल्या लघुपटामुळे. आपल्याकडे धान निघाल्यावर, दिवाळीनंतर, नाटकांचा हंगाम सुरू होतो हे आपल्याला मी सांगायला नको. वडशाच्या नाट्यमंडळींचे प्रयोग रात्रभर चालतात, आणि समोर ताडपत्रीवर बसलेली लहान मुले पहिल्या अंकातच झोपतात, मध्येच एखाद्या किंकाळीने किंवा गाण्याने जागी होतात आणि पुन्हा झोपतात. अशा एका मुलाला नाटकाचे जेवढे तुकडे दिसतात तेवढ्यांतून तो स्वतःची वेगळीच कथा जुळवतो, एवढीच त्या लघुपटाची कल्पना होती. ती सुचल्यावर मी प्रयोगांना वही घेऊन जाऊ लागलो, आणि लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टी प्रथमच नीट दिसू लागल्या. समोरून येणाऱ्या प्रकाशामुळे नटाची सावली रंगवलेल्या राजवाड्यावर पडते आणि राजवाड्याहून मोठी होते. वाऱ्याने पडदा हलला की दगडी भिंतीला लाट येते. विंगेत उभा असलेला राजा बिडी ओढत असतो, हे अगदी कडेला बसलेल्यालाच दिसते.

ही कल्पना निवडण्यामागे एक व्यवहारही होता, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात. प्रत्येक रेखाचित्र दोन चौकटींपुरते धरले तरी सेकंदाला १२ रेखाचित्रे लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या चित्रपटाला ३,६०० रेखाचित्रे झाली. एकट्या माणसाने एवढे काम ओढणे कठीण असते आणि बहुतेक चित्रपट इथेच अर्धवट राहतात. माझ्या कथेत मागचा पडदा स्थिरच होता, मुलगा झोपला की दृश्य काळे होत होते आणि फक्त पेटी-तबल्याचा व संवादांचा आवाज ऐकू येत होता, त्यामुळे हालचालीची रेखाचित्रे बरीच कमी झाली आणि प्रेक्षकाला ती काटकसर न वाटता कथेची गरज वाटली. आपल्या हाताशी जेवढे बळ आहे तेवढ्यातच बसेल, किंबहुना त्यातच अधिक शोभेल, अशी कथा शोधणे हा दिग्दर्शनाचाच भाग आहे. त्यासाठी आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची क्रमवार स्थिर चित्रे, काढावा, मग ती स्थिर चित्रे आवाजासह वेळेनुसार मांडून अ‍ॅनिमॅटिक तयार करावे आणि ते पाहताना कंटाळा येत नाही अशी खात्री झाल्यावरच हालचालीच्या रेखाचित्रांना हात घालावा.

इथे थोडे विषयाच्या कडेचे सांगतो. चित्राभोवती गोंडी नक्षीची चौकट काढली, की काम आपोआप मातीतले होते अशी समजूत शहरातल्या काही मंडळींची असते आणि आपल्यापैकीही अनेकजण तिला बळी पडतात. मला हे पटत नाही. ती नक्षी ज्यांच्या घराच्या भिंतीवर आहे त्यांची ती आहे. आपल्या गावातील माणसे रोवणीच्या वेळी कशी वाकतात, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोक्यावर ओझे घेऊन कशी तोल सांभाळत चालतात, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर बसलेला म्हातारा उठताना आधी कोणता हात टेकतो, हे आपल्या रेखाटनवहीत असेल, तर अ‍ॅनिमेशनसाठी त्याचे मोल कितीतरी अधिक आहे, कारण हालचाल हाच या कलेचा कच्चा माल आहे.

चित्रपट पूर्ण झाला, की तो महोत्सवांना पाठवावा लागतो. मुंबईत १९९० पासून होणारा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आपल्याला जवळचा आहे. फ्रान्समधील अ‍ॅनेसी येथे १९६० पासून भरणारा महोत्सव जगभरच्या अ‍ॅनिमेशनवाल्यांचा मेळाच समजला जातो. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येकाची नियमावली वाचावी, कारण काही महोत्सवांना पूर्वी कुठेही न दाखवलेला चित्रपट हवा असतो, आणि आपण तो आधीच यूट्यूबवर टाकला असेल तर ते दार बंद होऊ शकते. विद्यार्थ्यांच्या चित्रपटांसाठी अनेक ठिकाणी वेगळा विभाग असतो. माझ्या लघुपटाला नकार पुष्कळ आले, निवड थोड्या ठिकाणी झाली. पण त्या थोड्या ठिकाणी तो पाहिलेल्या लोकांनीच पुढे पुस्तकांची आणि दिग्दर्शनाची कामे दिली. पारितोषिकापेक्षा हा परिणाम जास्त टिकाऊ ठरला.

एकट्याने केलेले काम दूरवर जाऊ शकते का, अशी शंका आपल्याला असेल तर दोन नावे सांगतो. गीतांजली राव यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकून पुढे अ‍ॅनिमेशन स्वतःच आत्मसात केले, आणि एकाकी वृद्धा, तिची मांजर व काडेपेट्यांवरची चित्रे यांविषयीचा त्यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट २००६ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गौरवला गेला. लात्वियाच्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाने २०१९ चा आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट एकट्याने केला. नंतर छोट्या चमूसह केलेल्या त्याच्या ‘फ्लो’ला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. ‘फ्लो’ ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर तयार झाला आहे आणि त्यात एकही संवाद नाही. झाडीबोलीत संवाद ठेवायचे की शब्दांशिवाय कथा सांगायची, हे ठरवताना हे उदाहरण लक्षात ठेवावे. संवाद ठेवायचेच असतील तर उत्तम इंग्रजी उपशीर्षकांवर मूळ संवादांइतकीच मेहनत घ्यावी.

आता पोटाचा प्रश्न. लघुपटातून सहसा पैसे मिळत नाहीत, आणि हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे. मिळकत होते ती स्टुडिओतील नोकरीतून, जाहिरातींच्या कामातून आणि पुस्तकांच्या चित्रांतून. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची नावे घरोघरी पोहोचली ती मासिके आणि अंकांच्या पानांवरूनच. बालपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, प्रथम बुक्स, तूलिका अशा प्रकाशनसंस्थांची पुस्तके पाहावीत, त्यांना कोणत्या प्रकारची चित्रे लागतात हे समजून घ्यावे आणि मगच आपली निवडक दहा-बारा पाने पाठवावीत. मानधन उशिरा येते, हेही गृहीत धरावे.

या कामात आपले नाव छापले जाईल याची काळजी सुरुवातीपासून घ्यावी. एका ग्राहकाने माझी चित्रे माझ्या नावाशिवाय आणि ठरल्यापेक्षा अधिक ठिकाणी वापरली होती, तेव्हापासून मी लेखी कराराशिवाय काम घेत नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे आपल्याकडेच राहतो. नोकरीत केलेल्या कामाचे स्वामित्व मात्र, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते. तिथे निदान श्रेयनामावलीत नाव असावे असा आग्रह धरावा.

आपण बारावीत आहात, म्हणून तातडीचे तेवढे सांगतो. पदवी पातळीवर अभिकल्प शिकण्यासाठी आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही परीक्षा कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना देता येते. ती जानेवारीत होते, अर्ज त्याआधीच्या ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात आणि ती लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. राज्यातील कला महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची परीक्षा असते आणि खर्चाच्या दृष्टीने नागपूर आपल्याला सर्वांत सोयीचे पडेल. तोपर्यंत मोबाइलवरचे चित्र चालू ठेवावे, पण रोज थोडे पेन्सिलनेही काढावे, कारण या परीक्षांत कागदावरच चित्र काढावे लागते. पुढे जुना संगणक मिळाला, तर चित्रे व हालचाल करण्याची क्रिटा आणि ओपनटून्झ ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि पहिल्या चित्रपटाला ती पुरतात.