चौकोन दाबून धरला तरी पडदा दोन होत नाही

प्रश्न : कापणीच्या दिवशी केळीच्या वजनाचे आकडे मला व्हॉट्सॲपवर येतात, ते मी मोबाईलमधल्या शीटमध्ये चढवतो. जुन्या फोनमध्ये खालचं चौकोनी बटण दाबून धरलं की पडद्याचे दोन भाग व्हायचे. वर व्हॉट्सॲप, खाली शीट. मुलाने नवा फोन घेऊन दिला, त्यात बोट दुखेपर्यंत दाबलं तरी काही होत नाही. इकडून तिकडे करताना परवा 84.60 क्विंटलच्या जागी 86.40 लिहिलं गेलं. ही सोय बंद झाली का?
— एक केळी उत्पादक, फैजपूर

उत्तर : नाही भाऊ, सोय आहे तिथेच आहे, दार तेवढं बदललं. चौकोन दाबून धरायची पद्धत 2016 साली अँड्रॉइड 7 सोबत आली. 2018 च्या अँड्रॉइड 9 मध्ये ती गेली. तुमचा जुना फोन त्या मधल्या काळातला असणार.

आकडे उलटे पडण्याचं दुःख मला सांगू नका. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये माझा मोबाईल दुरुस्तीचा गाळा आहे. फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, 15 आकडी असतो. तो गिऱ्हाइकाच्या मेसेजमधून बिलात उतरवताना मी एकदा 6 आणि 9 ची अदलाबदल केली आणि पाचोऱ्याचा माणूस बिल दुरुस्त करायला पुन्हा जळगावला आला. त्याला चहा पाजला, एसटीचं भाडंही दिलं. तुमचा घोळ तर माझ्याहून महाग. क्विंटलला 1800 चा भाव धरला तर फरकाच्या 1.80 क्विंटलचे 3240 रुपये होतात.

आता असं करा. आधी व्हॉट्सॲप आणि शीट दोन्ही एकेकदा उघडून ठेवा. मग चौकोनी बटण एकदाच दाबा, दाबून धरू नका. बटणं नसतील तर पडद्याच्या तळापासून बोट वर सरकवून क्षणभर थांबा. उघडलेल्या ॲपची पानं पत्त्यांसारखी दिसतील. व्हॉट्सॲपच्या पानाच्या डोक्यावर त्याचं छोटं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारा. यादीत ‘स्प्लिट स्क्रीन’ किंवा त्याच अर्थाचं काही दिसेल, ते निवडा आणि मग शीट निवडा. झालं काम.

फोन कोणता ते तुम्ही लिहिलंच नाही. पत्रात लोक पिकाचं नाव लिहितात, फोनचं नाही! म्हणून थोडं जास्त सांगतो. शाओमीत ते पान दाबून धरावं लागतं, मग बाजूला चिन्हं उमटतात. ओप्पो-रिअलमीत पानाच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांत ही सोय असते. त्यांच्यात आणखी एक गंमत आहे. व्हॉट्सॲप उघडं असताना तीन बोटं एकदम खालून वर सरकवली की पडदा दुभागतो. माझ्या आईसमोर हे करून दाखवलं तर ती म्हणे, “काय करी ऱ्हायना रे भाऊ, काच पुसी ऱ्हायना का?”

खरी अडचण पुढे आहे. शीटमध्ये लिहायला गेलात की कीबोर्ड वर येतो आणि अर्धा पडदा गिळतो. मधली आडवी पट्टी बोटाने ओढून व्हॉट्सॲपला तिसरा हिस्सा द्या, आकडे वाचायला तेवढं पुरतं. तरी दाटी वाटली तर गुगलच्या जीबोर्ड या कीबोर्ड ॲपमध्ये ‘फ्लोटिंग’ म्हणजे तरंगता कीबोर्ड आहे, तो हवा तिथे सरकवता येतो. फोन आडवा करू नका. आडव्यात दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी येतात खऱ्या, पण कीबोर्ड आला की बांधच उरतो, वाफा दिसत नाही. काम संपलं की तीच पट्टी पार वर किंवा पार खाली ढकला, एक खिडकी बंद होते.

मृगबागेची, म्हणजे मृगात लावलेल्या केळीची, कापणी लागली की हे रोजचंच काम होणार. तेव्हा जोडी जपून ठेवा. सॅमसंगमध्ये मधल्या पट्टीवरच्या ठिपक्यांवर टिचकी मारली की दोन्ही ॲपची जोडी होम स्क्रीनवर ठेवता येते. 2024 च्या अँड्रॉइड 15 पासून जोडी जपायची सोय मूळ अँड्रॉइडमध्येच आली. मग एका टिचकीत व्हॉट्सॲप वर, शीट खाली.

प्रश्न : माझ्याकडे आयफोन आहे. क्लासचा व्हिडिओ बघत नोट्स लिहायच्या आहेत. पडदा कसा विभागू? मैत्रिणीच्या साध्या फोनवर होतं, माझ्यावर का नाही?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : ताई, आयफोनमध्ये पडदा असा विभागता येतच नाही. ॲपलने ही सोय आयपॅडला दिली, 2015 पासून, फोनला नाही. तुमचा व्हिडिओ मात्र छोट्या चौकटीत तरंगत ठेवता येतो. व्हिडिओ चालू असताना तळापासून वर सरकवून बाहेर या, चौकट कोपऱ्यात राहील, खाली नोट्स उघडा. क्लासच्या ॲपने परवानगी दिली नसेल तर चौकट येणार नाही. मग व्हिडिओ मैत्रिणीच्या फोनवर लावा आणि नोट्स तुमच्या फोनवर लिहा.