ऊसतोडीची कमाई मोजण्याआधी उचल विचारा

तुमचा बेत मला असा समजला: डिसेंबरच्या सुट्टीत नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातल्या दोन गावांत जायचं, गुजरातला ऊसतोडीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या कुटुंबांना वर्षाचं उत्पन्न विचारायचं, आणि दोन सरासऱ्यांतल्या फरकाला 'स्थलांतराचा फायदा' म्हणायचं. एम.ए.च्या प्रबंधाला एवढं चालेल का, आणि रोजगार हमी असताना लोक का जातात, हे तुम्ही विचारलंय. विषय फार मोलाचा आहे आणि खान्देशातल्या विद्यार्थ्यानेच तो हातात घ्यायला हवा. पण बेत बदलावा लागेल.

आधी महिना बदला. डिसेंबरात तोडणीच्या टोळ्या गुजरातेत बारडोली-सुरतकडे पडावावर, म्हणजे उसाजवळच्या तळावर असतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बरोबर लेकरंही जातात आणि घराला कुलूप लागतं. तुम्हाला भेटतील ते मागे राहिलेले म्हातारे आणि न गेलेली घरं. मोठ्या पाहण्यांचीही हीच अडचण आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 64व्या फेरीत (2007-08) अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. दिवाळीला निघालेली टोळी हंगाम लांबला की सहा महिने ओलांडते आणि या व्याख्येतून बाहेर पडते. 2011 च्या जनगणनेची मोजणी तर फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळपात.

म्हणून आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर जा. तोवर बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात, आणि हिशोबही ताजा असतो. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, सालही आखाजीला ठरतं, त्यामुळे 'मागच्या आखाजीपासून या आखाजीपर्यंत' असं विचारलं की माणूस नीट आठवून सांगतो. 'गेल्या 365 दिवसांत' म्हटलं की अंदाजे आकडा मिळतो.

आता तुलना. न जाणारी कुटुंबं एकसारखी नाहीत. काहींकडे विहीर आहे, रब्बी पिकते, म्हणून ती राहतात. काही घरांत कोयता धरायला जोडीच नाही: विधवा बाई, आजारी नवरा, एकटा म्हातारा. या दोघांची सरासरी काढून ती जाणाऱ्यांच्या शेजारी ठेवली तर हाती काहीच लागत नाही. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा टोंगा बेटांवरून न्यूझीलंडला जाणाऱ्यांच्या अभ्यासात मिळतो. तिथे परवान्यासाठी सोडत निघते, म्हणून मॅकेंझी, गिब्सन आणि स्टिलमन यांना सोडतीत नाव लागलेले आणि न लागलेले यांची सरळ तुलना करता आली. नेहमीच्या बहुतेक पद्धतींनी काढलेला फायदा खऱ्यापेक्षा 20 ते 82 टक्के फुगलेला निघाला. जाणारा माणूस मुळातच वेगळा असतो, तो फरक फायद्याच्या खात्यात जमा होतो. धडगावात सोडत नाही. पण तुम्ही निदान त्याच कुटुंबाची दोन वर्षं विचारू शकता, एक गेलेलं आणि एक न गेलेलं, आणि त्या वर्षी राहिले ते का, हेही. मला हीच वाट जास्त भरवशाची वाटते.

पण खरा मुद्दा उचलीचा, म्हणजे हंगामाआधी हातात पडणाऱ्या आगाऊ पैशांचा आहे, आणि तुमच्या प्रश्नावलीत तिचं नावही नाही. टोळी दिवाळीनंतर निघते, पण जायचं ठरतं पावसाळ्यात, घरातलं धान्य संपतं तेव्हा. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ, तेव्हा पैसे देतो आणि हंगामभराचं श्रम त्या दिवशी विकलं जातं. म्हणजे हा मजुरीइतकाच कर्जाचा निर्णय आहे. बांगलादेशातल्या रंगपूर भागात ब्रायन, चौधरी आणि मोबारक यांनी 2008 मध्ये उपासमारीच्या महिन्यांत कुटुंबांना बसभाड्याएवढे, साधारण साडेआठ डॉलर दिले. एरवी कुणालाच पाठवलं नसतं अशा 22 टक्के कुटुंबांनी त्यामुळे माणूस शहरात पाठवला आणि मागच्या घरातलं खाणं सुधारलं. (पुढे मोठ्या प्रमाणावर तो परिणाम टिकला नाही आणि 2019 मध्ये कार्यक्रम थांबला, हेही लिहा.) तिथे हाती पैसा नव्हता म्हणून लोक अडले होते. सातपुड्यात तो पैसा मुकादम आणून देतो, पण जोखीम मजुराच्याच माथी राहते. ऊसतोडीच्या अभ्यासांत घेतलेल्या उचलीच्या दीडपट फेडावं लागल्याची नोंद आहे. म्हणून प्रत्येक कोयत्याला विचारा: उचल कोणत्या महिन्यात घेतली, किती, कशासाठी खर्च झाली, हंगामाअखेर किती फिटली आणि किती पुढच्या वर्षावर गेली. यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात बारडोलीच्या तोडणी मजुरांवर लिहिलं, त्यात खान्देशातलेच मजूर आहेत. ते आधी वाचा.

रोजगार हमीचं कोडंही इथेच उलगडतं. 2005 च्या कायद्यात मजुरी 15 दिवसांत द्यायची तरतूद केली, तरी ती कामानंतरच मिळणार. उचल कामाच्या आधी मिळते. श्रावणात घरात दाणा नसलेल्या माणसाला या दोनांत निवड करायला सांगणं अन्यायाचं आहे. तरी गावात वेळेवर काम निघालं तर लोक थांबतात. गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अँबेर आणि पॅप यांना दिसलं की शहरातली रोजची मजुरी जास्त असूनही गावातल्या सरकारी कामामुळे हंगामी स्थलांतर घटतं. ताडपत्रीखाली झोपणं आणि पोराची शाळा बुडणं यांची किंमत लोक मोजतात, आपण मोजत नाही.

उत्पन्न लिहिताना टनाचा दर कोयत्याला मिळतो हे विसरू नका. बाईची मजुरी त्यात बुडालेली असते, म्हणून दोन माणसांचे दिवस धरून भागा, नाहीतर जाणाऱ्यांची कमाई दुप्पट दिसेल. वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा चारा, विकून आलेले पैसे आणि हंगामात खाण्यापिण्यासाठी घेतलेली खावटी वेगळी विचारा.

शेवटचं, आणि यात सूट नको. पावरी किंवा भिली बोलणारा जोडीदार बरोबर घ्या, पण तो मुकादमाचा नातलग नाही याची खात्री करा. मुकादम समोर बसलेला असताना उचलीचा प्रश्न विचारू नका. आणि प्रबंधात पाड्याचं नाव आणि थकलेल्या उचलीचे आकडे एकत्र छापू नका. चाळीस घरांच्या पाड्यात कुणाची किती बाकी आहे हे ओळखायला वेळ लागत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच घराला त्याच माणसाकडे हात पसरायचा असतो.