सोलापूरच्या उन्हात दिवसभर टिकणारं बायकांसाठीचं परफ्यूम कोणतं?

मुंबईत सकाळी मारलेलं परफ्यूम संध्याकाळी घरी येईपर्यंत टिकायचं, सोलापूरला बदली झाल्यापासून तेच अकरा वाजताच उडतं, मग बाटली डुप्लिकेट निघाली का, आणि दोन-अडीच हजारांत दिवसभर टिकणारं कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. बाटली बहुतेक अस्सलच असेल. हवा बदललीय.

मुंबईत घामट असलं तरी अंग ओलसर राहतं आणि दमट हवेत नाकालाही वास जास्त कळतो. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर, दुपारची हवा कोरडी ठक्क, घाम यायच्या आधी वाळतो. कोरड्या कातडीवर परफ्यूमला धरून राहायला काही नसतं. वर उष्णतेनं ते आणखी लवकर उडतं. म्हणून आंघोळ झाल्या झाल्या, अंग किंचित ओलं असताना, बिनवासाचं मॉइश्चरायझर नाहीतर चिमूटभर व्हॅसलीन लावा आणि त्यावर फवारा. एवढ्यानंच फरक दिसेल.

पण निम्मा घोटाळा स्कार्फचा आहे, आणि तो कुणी सांगत नाही. तुम्ही पण आता स्कूटीवर सनकोट घालून, डोळे सोडून सगळं तोंड बांधून जात असणार. मी जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीला रोज तशीच जाते. गळ्याला परफ्यूम मारायचं आणि त्यावर स्कार्फ घट्ट आवळायचा, म्हणजे ऑफिस येईपर्यंत आपण दुसरा कुठला वासच घेत नाही. नाक तेवढ्यात सरावतं आणि त्या वासाची दखल घेणं सोडून देतं. पोचल्यावर वाटतं, उडालं की! मग पर्समधली बाटली काढून आणखी चार फवारे. शेजारच्या टेबलावरच्या बाईला मात्र सगळंच्या सगळं येत असतं, ती बिचारी बोलत नाही. तेव्हा आधी एखाद्या स्पष्टवक्त्या मैत्रिणीला विचारा, येतोय का म्हणून. ती ‘हो’ म्हणाली तर बाटली बंद.

मी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते, त्यामुळे एक गोष्ट पक्की माहीत आहे: सुती कापड वास सोडत नाही. कातडीवरून गेलेला वास ओढणीच्या काठाला दुसऱ्या दिवशीही येतो. मी गळ्याला लावणंच सोडलंय. कोपराच्या आत, कमरेशी आणि ओढणीच्या टोकाला लावते. स्कार्फ रोज धुते, कारण कालचं परफ्यूम आणि कालचा घाम मिळून जे तयार होतं ते कुठल्याच कंपनीच्या बाटलीत मिळत नाही. इरकल किंवा कुठलीही रेशमी साडी असेल तर कापडावर थेट मारू नका, डाग पडतो आणि जरीलाही ते चांगलं नाही. ब्लाउजच्या सुती अस्तराला लावा.

आता बाटल्यांबद्दल. यातल्या सगळ्या माझ्या नाहीत, निम्म्या मावसबहिणीच्या आहेत, तिला हा नाद आहे.

डोल्चे अँड गबानाचं लाइट ब्लू, २००१ सालचं. लिंबू, हिरवं सफरचंद, खाली देवदाराचं लाकूड. मारल्यावर इतकं गार वाटतं की उन्हाळ्यासाठीच केलंय म्हणावं. पण लिंबू-संत्र्यासारखे वास हलके, सगळ्यात आधी तेच उडतात. आसरा चौक ओलांडेपर्यंत लिंबू संपतं आणि मग अंगाला चिकटून नुसतं फिकं लाकूड राहतं. मला ते फिकंही आवडतं, पण तुम्हाला दिवसभर हवंय, तर हे नाही.

ज्याने लाइट ब्लू बनवलं त्याच ऑलिव्हिए क्रेस्पने १९९२ मध्ये थिएरी म्युग्लर या कंपनीसाठी एंजल नावाचं परफ्यूम केलं होतं, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. एंजल म्हणजे बुढ्ढी के बाल, चॉकलेट आणि पचौली नावाच्या पानांचा मातकट वास, आणि टिकण्याच्या बाबतीत राक्षस. मावसबहिणीकडून घेऊन एकदा भर मार्चमध्ये लावून गेले, तर अकाउंट्समधल्या काकांनी मान वर करून विचारलं, “आज कुणी शिरा आणलाय काय ओ?” दुपारी तर माझंच डोकं चढलं. तेच जानेवारीत, संध्याकाळच्या थंडीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत फिरताना इतकं छान फुलतं की बाई वळून विचारतात. ईव्ह सँ लोराँच्या ब्लॅक ओपियमचंही तेच, कॉफी आणि व्हॅनिला. गोड परफ्यूम दिवाळी ते संक्रांत, बाकी कपाटात.

शनेल नंबर फाइव्ह १९२१ पासून चालत आलंय, त्यामुळे वाईट म्हणायचं धाडस होत नाही. अल्डिहाइड नावाच्या रसायनांमुळे सुरुवातीला उंची साबणाच्या वडीसारखं येतं, माझ्या आत्याला तेवढंच आवडलं. नंतर गुलाब-जाई येते आणि उन्हातही ते बिघडत नाही. पण रोज ऑफिसला लावायची ही वस्तू नव्हे, किमतीनं तर नाहीच.

डिओरचं जादोर लग्नकार्याला उत्तम, सगळा फुलांचाच वास. फक्त त्या दिवशी मोगऱ्याचा गजरा माळणार असाल तर ते लावू नका. दोन्ही भांडतात आणि जिंकतो गजराच.

टायटन कंपनीचं स्किन (Skinn) नावाचं परफ्यूम तुमच्या बजेटमध्ये आरामात बसतं. त्यातलं सेलेस्ट मी वापरलंय. फळाफुलांचं, कुणाला टोचत नाही, दुपारच्या डब्यापर्यंत साथ देतं. नवल असं काही नाही, पण रोजच्याला नवल लागतं कशाला? घेताना बाटलीवर ओ द पार्फ्यूम (Eau de Parfum) लिहिलंय ना बघा. त्यात साधारण १५ ते २० टक्के सुगंधी अर्क असतो, ओ द ट्वालेतमध्ये (Eau de Toilette) त्याहून कमी, आणि बॉडी मिस्टमध्ये तर दोन-तीन टक्के. मिस्ट उडालं म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

आणि मला विचाराल तर मे महिन्यात मी यातलं काहीच लावत नाही. वाळ्याचं अत्तर लावते. कूलरच्या पडद्यावर आणि माठात टाकतो तोच वाळा. त्यात अल्कोहोल नसतं, वास मुळांचा, मातकट-हिरवा, जड असल्यामुळे सावकाश उडतो, आणि लांबवर पसरत नसल्यानं शेजारणीला त्रास नाही. विजापूर वेशीत रमजानच्या बाजारात अत्तरवाले बसतात, तिथं मनगटावर लावून बघू देतात. मात्र चंदनाचं अत्तर म्हणून शंभर रुपयांची बाटली कुणी दिली तर ती वासापुरती घ्या, त्या किमतीत खरं चंदन येत नाही.

परफ्यूम असो वा अत्तर, दुकानातल्या कागदाच्या पट्टीवर ठरवू नका. एसीमध्ये सगळंच छान येतं. हाताला लावा, नवी पेठेत उन्हात तासभर खरेदी करा, लस्सी प्या, मग हुंगा. एका वेळी दोनच, एकेका हाताला एक. जास्त हुंगलं की नाक गोंधळतं. कॉफीच्या बिया पुढे करतात, त्याने काही होत नाही, बाहेर जाऊन मोकळी हवा घेतलेली बरी.

तुमच्या दोन-अडीच हजारांत मी सेलेस्टसारखी एक रोजची बाटली आणि वाळ्याची छोटी शिशी घेईन, उरले तर थंडीसाठी एखाद्या गोड परफ्यूमची पाच-दहा मिलीची कुपी. बाटली स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, तिथं दुपारी भट्टी असते आणि वास आंबतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात राहत असाल तर खालच्या कप्प्यात, खोक्यासकट ठेवा. फ्रिज लागत नाही. आमच्याकडे तो ठेच्यानं आणि लसणीनं भरलेला असतो, तिथं तर मुळीच नको.